सावर-पांगाऱ्याचं लाकूड जळणाला ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. दापोली तालुक्यातल्या एका वाडीत घरामागे दोन जुन्या सावरी (काटेसावर) आहेत आणि मिरवेल चढवण्यासाठी लावलेली पांगाऱ्याची रांग आहे. मिरी मर रोगाने गेली. सावरीच्या फांद्या पडवीच्या कौलांवर येतात, म्हणून सगळंच काढायचं ठरलंय. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी चुलीवर आणि घरात कार्य असलं की मोठं जेवणही चुलीवर. शेजारचे सांगतात, हे लाकूड म्हणजे नुसता धूर आणि राख, टाकून द्या. तोडणावळ तर द्यावीच लागणार, मग लाकूड ठेवावं की नाही?

ठेवा. मात्र सगळं ठेवू नका, आणि वाळवायची सोय नसेल तर अजिबात ठेवू नका. मी लाकडाची वखार चालवतो आणि चुलीही बांधून देतो. हलक्या लाकडाबद्दल मला रोज काही ना काही ऐकायला मिळतं, आणि त्यातलं बरंचसं ओल्या लाकडाबद्दल असतं. सावरीला जी नावं ठेवली जातात, त्यातली निम्मी तिच्या पाण्याला ठेवायला हवीत.

आधी मूळ गोष्ट. लाकूड कुठलंही असो, त्यातले मुख्य घटक सेल्युलोज आणि लिग्निन हेच. त्यामुळे एक किलो लाकूड अगदी पूर्ण कोरडं करून जाळलं, तर बाभूळ, ऐन, आंबा, सावर या सगळ्यांतून मिळणारी उष्णता जवळपास सारखी, साधारण ४,३०० ते ४,८०० किलोकॅलरी. किलोला किलो लावून पाहिलं तर सावर बाभळीपेक्षा फारशी उणी पडत नाही. ती उणी पडते आकारमानात. वाळलेल्या बाभळीचा एक घनफूट भरीव तुकडा २१-२२ किलो भरतो, ऐनाचा त्याच्या थोडा वरच. सावरीचा तेवढाच तुकडा १० किलोच्या आसपास आणि पांगाऱ्याचा सात-आठ किलो. म्हणजे बाभळीच्या एका ढलपीचं काम करायला सावरीच्या दोन आणि पांगाऱ्याच्या तीन लागतील. चुलीत सारखं सारायला लागतं ते त्यामुळे, आणि पडवी भरली तरी जळण पुरत नाही तेही त्यामुळेच.

आता पाणी. ताज्या तोडलेल्या सावरीत किंवा पांगाऱ्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात, आणि त्याआधी ते पाणी उकळीपर्यंत न्यायला सत्तर-पंचाहत्तर वेगळ्या. हा सगळा खर्च लाकूड स्वतःच्याच जाळातून भागवतं. म्हणून २० टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३,४०० किलोकॅलरी हाती येतात, तर ५० टक्के ओल असलेल्या किलोतून जेमतेम १,९००. बरं, नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ओल्या लाकडाचा जाळ थंड असतो. लाकडातून निघणारा वायू पेट घ्यायच्या आधीच धूर होऊन बाहेर पडतो. डोळ्यांतून पाणी काढणारा तो धूर म्हणजे तुमचं न जळलेलं जळणच असतं.

याच हिशेबाने तुमच्या सावरीकडे पाहू. बुंध्याचा घेर ५ फूट आणि सरळ लांबी २० फूट धरली, तर एका झाडाचे ४० घनफूट होतात, म्हणजे वाळल्यावर ४०० किलोच्या आसपास. आंघोळीसाठी २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं तर पाण्याला ४०० किलोकॅलरी द्याव्या लागतात. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकीची इकडेतिकडे जाते. तरीही २० लिटरला वाळलेलं पाऊण ते सव्वा किलो लाकूड पुरतं. चार माणसांच्या घरात रोजचं तीन ते पाच किलो. म्हणजे बुंधा घरच्या घरी चिरता आला, तर एका सावरीच्या नुसत्या बुंध्यात अडीच ते चार महिन्यांचं आंघोळीचं पाणी निघतं, फांद्या वेगळ्याच. गॅसशी तुलना करायची तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम साध्या चुलीवर करायला ढोबळमानाने दोनशे ते अडीचशे किलो वाळलेलं लाकूड लागतं. झाड दारात उभं आहे आणि पाडणावळ नाहीतरी द्यायचीच आहे, मग हे जळण सोडून देण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पण हेच लाकूड तुम्ही विकत घेणार असता, तर मी नको म्हणालो असतो. ओलं हलकं लाकूड वजनावर घेतलं की पाण्याचे पैसे मोजावे लागतात, आणि वाळलेलं हलकं लाकूड गाडीच्या मापाने घेतलं की पोकळीचे. टेम्पोचं भाडं तर दोन्ही वेळा तेवढंच. पैसे मोजायचे असतील तर ऐन, किंजळ, बाभूळ, सुरू, निलगिरी असं जड लाकूड घ्या. वाहतूक करून आणायच्या लायकीचं तेवढंच. सावर-पांगारा जिथे पडला तिथेच जाळायचा, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत नेण्याइतकंही त्याचं मोल नाही.

आता खरं काम, म्हणजे वाळवणं. हलक्या लाकडाची एक मोठी जमेची बाजू अशी की ते सच्छिद्र असल्याने पाणी भराभर सोडतं. ऐनाचा ओंडका चिरून ठेवला तरी नीट वाळायला जवळपास वर्ष घेतो. सावर थंडीत तोडली, लगेच चिरली, तर होळीनंतरच्या उन्हात खडखडीत होते आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीला हाताशी येते. पण ज्या वेगाने ती पाणी सोडते, त्याच वेगाने परत शोषूनही घेते. जूनची एक सर अंगावर घेतली की महिन्याभराचं ऊन वाया गेलं म्हणून समजा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत बागाच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा हा फरक सगळ्यांना दिसला. झाडं पडली ती नेमकी पावसाच्या तोंडावर. माणसं छप्परं शाकारण्यात गुंतली होती, लाकडाकडे बघायला कुणाला सवड असणार? दिवाळीला ओंडके हलवायला घेतले, तर ऐन आणि जुना आंबा आतून शाबूत होते. सावर आणि पांगाऱ्यावर मात्र अळंबी उगवली होती आणि बोट दाबलं तर आत जात होतं. असं कुजलेलं लाकूड वाळवूनही उपयोगाचं राहत नाही, कारण जळण्यासारखं होतं ते बुरशीने आधीच खाल्लेलं असतं. हाताला फुलासारखं हलकं लागतं आणि चुलीत नुसतं धुमसतं.

म्हणून तोडणीची वेळ मार्गशीर्ष-पौष. सावरीची पानं तेव्हा गळलेली असतात आणि पुढे उन्हाचे महिने मोकळे मिळतात. पाडलेलं झाड आठ दिवससुद्धा सालीसकट पडू देऊ नका. पांगाऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नको. त्याचा ओला दांडा जमिनीला टेकला की पावसात त्याला पालवी फुटते. जळण म्हणून टाकलेल्या ढिगातून कोवळे धुमारे वर आलेले मी कितीतरी परसांत पाहिलेत.

चिरताना आणखी एक अडचण येते. ऐन किंवा बाभूळ नीट घाव बसला की फटकन उकलते. पांगाऱ्यात कुऱ्हाड रुतून बसते. लाकूड फाटत नाही, नुसतं दबतं, आणि पातं सोडवण्यातच दम जातो. सावरीचंही थोडंफार तसंच, वर तिच्या सालीवरचे काटे. ते आधी कोयत्याच्या पाठीने खरवडून काढा, नाहीतर पुढे चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या हातात जातात. या दोन्ही लाकडांना कुऱ्हाडीपेक्षा करवत बरी. हातभर लांबीचे गोल तुकडे पाडायचे आणि जाड तुकड्याला मधोमध नाही, तर कडेच्या बाजूने पाचर घालायची. कडेकडेने ढलप्या सुटत येतात. चिरणावळ वेगळी द्यावी लागणार असेल, तर मांडीपेक्षा जाड ओंडक्यांचा नाद सोडा. त्यांची मजुरी जळणाच्या किमतीच्या वर जाते.

जाडीबद्दल लोक नेमकं उलट करतात. जड लाकूड जाड ठेवतात आणि हलकं लाकूड बारीक काटक्यांसारखं फोडतात. हलकं लाकूड मुळातच पटकन वायू सोडतं, ते बारीक केलं की एकदम भडका उडतो. जाळ भांड्याखाली न राहता चुलीच्या तोंडातून बाहेर येतो, भांडं काळं होतं आणि पाच मिनिटांत सगळं संपतं. सावर-पांगारा मनगटापेक्षा थोडा जाड ठेवा, एका वेळी दोन किंवा तीनच तुकडे घाला आणि चुलीचं तोंड कोंबून भरू नका. लाकडाचा चार-पंचमांश भाग वायू होऊनच जळतो. त्या वायूला वरून हवा मिळाली नाही की त्याचा धूर होतो. बहुतेक घरांत जाळ कमी झाला की आणखी लाकूड सारतात. अशा वेळी खरं तर एक लाकूड मागे ओढायचं असतं.

रचताना जमिनीपासून वीतभर वर, दोन आडव्या वाशांवर किंवा दगडांवर रचा. वर पत्रा किंवा जुनी कौलं घाला, बाजू उघड्या ठेवा. चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड आतल्या आत घामेजतं आणि बुरसतं. घराच्या वाशांना आणि रिपांना टेकवून तर रचूच नका. सावरीच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट भरपूर असतं, त्यावर भुंगे येतात. ढिगाखाली पिठासारखी भुकटी दिसू लागली की ते लाकूड आधी जाळून संपवायचं. आणि ढिगात हात घालण्याआधी काठीने वरचं लाकूड हलवून बघायचं. कोकणात फुरसं नेमकं अशाच जागी बसतं. अंधारात, अनवाणी, घाईने लाकूड काढायला मुलांना पाठवू नका, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

वाळलं की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. पहिल्या दिवशी एका ढलपीवर खडूने खूण करा आणि तागडीत घाला. समजा ती दोन किलो भरली. दर आठ-दहा दिवसांनी तीच ढलपी पुन्हा तोला. वजन उतरत उतरत किलोच्या जवळ येईल, ९००-९५० ग्रॅमवर घुटमळेल आणि मग दोन आठवडे हलणारच नाही. तिथे ती त्या हवेत जेवढी वाळायची तेवढी वाळली. तोलायची सोय नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. ओल्या असतील तर आवाज बद्द येतो, वाळलेल्या असतील तर टणक. आणि चुलीत घातल्यावर मागच्या टोकाला फेस येऊन चरचर ऐकू आली, तर ती ढलपी काढून परत उन्हात टाका.

वापराबद्दल माझं मत पक्कं आहे. हलकं लाकूड घाईच्या कामाचं. आंघोळीचं पाणी, सकाळचा चहा, जाळ पेटवणं, तापलेल्या तव्यावर पटपट काहीतरी करून घेणं, इथे ते जड लाकडापेक्षा सरस पडतं, कारण लगेच पेटतं आणि काम झालं की लगेच विझतं. पाणी तापलं तरी बाभळीचे निखारे तासभर धगधगत राहतात, ती उष्णता फुकट जाते. सावरीचं तसं होत नाही.

याच्या उलट, जिथे निखारा लागतो तिथे सावर कामाची नाही. भाकरी तव्यावरून काढून विस्तवावर फुगवायची, वालाचं बिरडं मंद आचेवर शिजवायचं, भात उकडायला मोठं भांडं चढवायचं, यातल्या प्रत्येकाला टिकणारी धग हवी. पांगाऱ्याचा कोळसा हातात घेतला तर बोटांनी चुरडतो, चुलीत त्याची राख व्हायला वेळ लागत नाही. अशा कामाला मागच्या बाजूला ऐनाचं किंवा बाभळीचं एक जाड लाकूड ठेवायचं आणि पुढून सावर सारत राहायची. हलकं लाकूड जाळ देतं, जड लाकूड तो धरून ठेवतं. कार्याच्या जेवणाला मी हेच मिश्रण सांगतो, त्यात जड लाकूड निम्मंच लागतं. स्मशानासाठी मात्र हे लाकूड देऊ नका. तिथे जाळ शेवटपर्यंत टिकावा लागतो आणि घरच्यांवर ऐनवेळी धावाधाव करायची पाळी आणू नये.

चूल कशी आहे यावरही बरंच अवलंबून आहे. सुधारित चुलीच्या भारतीय मानकात साध्या, पंखा नसलेल्या चुलीला किमान २५ टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे साध्या तीन दगडांच्या चुलीच्या जवळपास दुप्पट. तुमच्याकडे वैलाची (शेजारी जोडचूल असलेली) चूल असेल तर हलक्या लाकडाचा पुढे पळणारा जाळ वैलावरच्या भांड्याला लागतो आणि वाया जात नाही. बंब असेल तर उत्तमच, मधल्या नळीत सावरीचे लहान तुकडे झकास जळतात. फक्त धुराड्याची काजळी पावसाळ्याआधी एकदा काढून घ्या.

काजळीवरून आठवलं. अमेरिका-कॅनडातून आपली मंडळी विचारतात की तिथला पाइन किंवा पॉपलर शेगडीत जाळावा का. तिथे भीती असते ती धुराड्यात साचणाऱ्या क्रिओसोटची, म्हणजे धुरातून जमणाऱ्या डांबरासारख्या थराची, कारण ते पेट घेतं. दोष सगळा पाइनच्या राळेवर टाकला जातो. खरं तर ओलं लाकूड हवा कोंडून धुमसत ठेवलं की क्रिओसोट साचतं, मग लाकूड ओकचं का असेना. वाळलेला पाइन मोकळ्या जाळाने जाळावा, रात्रभर धग हवी असेल तर जड लाकूड घालावं आणि धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यावं. सावरीचा न्याय तिथेही तोच.

हलकं लाकूड परवडतं म्हणून हाताला लागेल ते चुलीत घालू नका. प्लायवूड, एमडीएफ, रंग दिलेल्या चौकटी आणि वाळवीचं औषध मारलेलं लाकूड अजिबात नको, त्यांचा धूर विषारी असतो. मालाची फळकुटं मिळाली तर त्यांवरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. एमबीचं जाळू नका. बागेतली कण्हेर, शेर, बिब्बा यांची लाकडं तर चुलीपासून लांबच ठेवा. काजूच्या टरफलांतलं तेल अंगावर उठतं, त्याचा धूरही घरात नको.

कायद्याचंही बघून घ्या. खाजगी जमिनीतली झाडं असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतल्या झाडांना परवानगी लागते. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, साग त्यात येतात. सावर आणि पांगारा त्यात नाहीत, पण त्यांच्याबरोबर शेजारचं किंजळ आडवं करून टाकू नका. गाव नगरपालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर १९७५ चा शहरी भागातल्या झाडांचा कायदा लागतो, तिथे आधी परवानगी काढा.

आणि एक विनंती. सावरीच्या फांद्याच कौलांवर येत असतील, तर फांद्या काढून भागतंय का ते बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती फुलते तेव्हा मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे तिच्यावर उतरतात. एवढा मध त्या दिवसांत दुसरीकडे सहज मिळत नाही. पडवीच्या बाजूची सावर काढा, लांबची राखता आली तर राखा. जळणाचा हिशेब एका झाडानेही जमतो.

उरलं ते जळणात न बसणारं. पानं आणि कोवळा टहाळ तरव्याच्या भाजावळीला (भातरोपांची जमीन भाजायला) किंवा सरळ शेणखताच्या खड्ड्यात. पांगाऱ्याच्या पानात नत्र भरपूर असतं, ते जाळण्यापेक्षा कुजवलेलं बरं. मांडीपेक्षा जाड, चिरायला न परवडणारे ओंडके माडाच्या आळ्याबाहेर चर खणून पुरा, दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होऊन ओल धरतील. ते परसात रचून पेटवून देऊ नका, गावभर धूर होण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही. चुलीतली राख चाळून माडाच्या बुंध्याला घाला. आणि पांगाऱ्याची रांग मुळासकट उपटायची घाई करू नका. कमरेएवढे खुंट राखले तर त्यांना पावसात धुमारे येतात. मातीतल्या मर रोगाचा बंदोबस्त करून दोन-तीन वर्षांनी पुन्हा मिरी लावायची झाली, तर आधार तयार असेल, आणि दरवर्षी छाटलेल्या फांद्या पाण्याच्या चुलीला येतीलच.